तकरार, रोज आधा तास

मार्च अर्धा सरला की जयपूरचा वारा बिथरतो. सकाळी अंगावर शाल घ्यायला लावतो आणि अकराला डोळ्यांत वाळू फेकतो. जवाहर नगरच्या आमच्या सेक्टरमधले कडुनिंब आठवड्याभरात सगळी पानं टाकून मोकळे होतात. मी अंगण झाडून केरसुणी ठेवते न ठेवते तोच मागं पुन्हा तेवढाच केर. हातगाडीवर शहतूत, म्हणजे तुती, येतात, ओल्या फडक्याखाली झाकलेले, बोटं जांभळी करणारे. आणि गच्चीगच्चीवर पोरं पुस्तक हातात घेऊन फेऱ्या मारत मोठमोठ्यानं पाठ करत असतात. शेजारच्या गच्चीवरची मुलगी काल पाण्याचं महत्त्व घोकत होती. एकच परिच्छेद, वीसदा तरी. मी खाली तांदूळ निवडत होते. मला वाटलं, वर जाऊन तिला गप्प करावं. तिचा काही दोष नव्हता बिचारीचा. मलाच ते ऐकवेना.

परीक्षेच्या दिवसांत लोकांना आपल्या शाळेची, गणिताच्या पेपरची, घामेजल्या हातांची आठवण येते. मला चार वर्षांपूर्वीचा एक मार्च-एप्रिल आठवतो. त्या वर्षी परीक्षा आणि रमजान एकदमच आले होते. त्या दिवसांत मी एक शब्द चुकीचा वाचला. एकच शब्द. आणि त्यापायी एका बाईंचा वर्ग गेला आणि एका नऊ वर्षांच्या मुलीचा आवाज गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

शब्दांच्या बाबतीत मी तशी घमेंडखोरच. माझे वडील साताऱ्याला कचेरीत कारकून होते. जेवतानाही त्यांच्या तोंडी कचेरीच असायची. फिर्याद, हरकत, दाखला, खुलासा, तक्रार. मी लहान असताना धाकट्या भावाबद्दल काही सांगायला गेले की ते म्हणायचे, "वृंदे, तक्रार असेल तर लेखी दे." मी पाटीवर लिहून द्यायचे. ते ती वाचायचे, खाली सही करायचे आणि पुसून टाकायचे. हे सगळे शब्द लांबून आलेत, अरबी-फारशीतून, असं ते मोठ्या कौतुकानं सांगत. त्यामुळं नवऱ्याची विमा कंपनीतली नोकरी आम्हांला जयपूरला घेऊन आली तेव्हा इतर मराठी बायका भाषेला बिचकत होत्या आणि मी मात्र म्हणायचे, "उर्दूचं काय एवढं? निम्मी उर्दू तर आपण घरात बोलतो."

खरं तर मला एकदा चांगलाच चटका बसला होता. आमची ईशा पहिलीत असताना घरी येऊन म्हणाली, "आई, आमची नवी मॅडम मतलब खूप शिक्षा देते." माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी त्या कोवळ्या मुलीला असं काही फैलावर घेतलं की ती रडायच्या बेताला आली. मग उलगडा झाला की पोरगी हिंदीतली शिक्षा म्हणत होती. मॅडम छान शिकवते, एवढंच तिला सांगायचं होतं. मराठी मंडळाच्या गणपतीत मी तो किस्सा हावभाव करून सांगायचे आणि लोक पोट धरून हसायचे. एवढं हसून झाल्यावर तरी मला अक्कल यायला हवी होती. छे!

परकोट्यात, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या आत, एका अरुंद गल्लीत एक लहानशी प्राथमिक शाळा होती. मोहल्ल्यातल्या मुस्लिम मंडळींच्या कमिटीनं चालवलेली. खाली लाखेच्या बांगड्यांची दुकानं, वर तीन मजले वर्ग. सकाळी जिना चढताना तापलेल्या लाखेचा वास यायचा आणि वर पोचेपर्यंत त्यात खडूचा आणि डब्यातल्या आलूच्या भाजीचा वास मिसळलेला असायचा. मी तिथं परिसर अभ्यास शिकवायचे. आठ वर्षं शिकवला. पोरं माझं नाव 'विरिंदा मॅडम' असं घ्यायची आणि मी ते कधी सुधारलं नाही.

त्या वर्षी वरून फर्मान निघालं की आता सगळे विषय प्रोजेक्टनं शिकवायचे. घोकंपट्टी बंद. आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे बडी मॅडम म्हणत. त्यांनी सभेत जाहीर केलं की सगळे म्हणजे सगळे, दीनियातसुद्धा. दीनियात म्हणजे मुलांचा धर्माचा तास. त्यात दुआ, सूरह, नमाजाची रीत, पैगंबरांच्या गोष्टी असं सगळं येई आणि आजवर ते सगळं पाठ करूनच होत आलेलं. कमिटीतली जुनी मंडळी कुरकुरली. शेवटी ठरलं की वर्षभर करून बघू. जमलं तर दीनियातच्या बाई नसरीन आपा कायम होतील, नाही जमलं तर कमिटी आपला माणूस आणून पुन्हा जुन्या पद्धतीनं शिकवेल. आणि जमतंय की नाही हे बघायचं कुणी? तर वृंदा मॅडमनी. कारण मला प्रोजेक्टची सवय, आणि वर, बडी मॅडम म्हणाल्या तसं, "इन्हें उर्दू भी समझती है."

मला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं.

नसरीन आपा पंचेचाळिशीच्या, बारीक चणीच्या. बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या. टोंककडच्या मुलींच्या मदरशात त्या शिकलेल्या, त्यामुळं उर्दू अक्षर मोत्यासारखं आणि देवनागरी मात्र पहिलीतल्या पोरासारखं, वर शिरोरेषा वाकडी. पहिल्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, प्रोजेक्ट मतलब चार्ट ना? थर्माकोल वगैरह?"

मी म्हटलं, "नहीं आपा. बच्चों को एक सवाल देना और जवाब उन्हें खुद ढूँढने देना."

त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग विचारलं, "और अगर जवाब मुझे भी न आता हो?"

"तब तो और अच्छा."

हे ऐकून त्या अशा हसल्या की मला त्या एकदम वीस वर्षांनी लहान दिसल्या.

त्यांचा प्रश्न त्यांनीच शोधला. चौथीला वजू शिकवायचं असतं, नमाजाआधी हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, पाय कसे धुवायचे ते. पुस्तकात ते एक पानभर होतं. पैगंबरांनी पाणी उधळू नका असं बजावलंय, हेही त्याच पानावर. आपांनी मुलांना विचारलं, एका वजूला पाणी किती लागतं? कुणालाच माहीत नव्हतं. आपांनाही नाही. झालं, प्रोजेक्ट सुरू.

पोरांनी घरून लिटरच्या रिकाम्या बाटल्या आणल्या. वजूच्या नळाखाली परात ठेवली. एकानं वजू करायचं, दुसऱ्यानं परातीतलं पाणी बाटल्यांत भरायचं, तिसऱ्यानं फळ्यावर मांडायचं. नळ सोडून ठेवला की पाच-सहा बाटल्या भरायच्या. करंगळीएवढी धार ठेवली की तीन. एकानं शिस्त सोडून दुसऱ्याच्या अंगावर बाटली ओतली, तेव्हा आपांनी त्याला ती बाटलीही मोजायला लावली. जमलेलं पाणी पोरं गच्चीवरच्या कुंड्यांत पुदिन्याला घालायची. मी परिसर अभ्यासाची बाई, इतकी वर्षं 'पाणी वाचवा' शिकवलेलं, पण इतकं खरं काही माझ्या वर्गात कधी घडलं नव्हतं. मला हेवा वाटला. हे मी आता सांगते, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

आणि आफिया. लाखेच्या बांगड्या करणाऱ्या एका मनिहाराची मुलगी. माझ्या तासाला ती तीन वर्षं नुसती मान हलवत आली होती. हजेरीला 'यस मॅडम' म्हणतानाही ओठच हलायचे आणि मी सवयीनं तिची हजेरी मांडायचे. ती एका सकाळी घरून तोटीचा लोटा घेऊन आली. म्हणाली, खरंच म्हणाली, मोठ्यानं, "दादी इससे करती हैं. एक बोतल भी नहीं लगती." तिनं सगळ्यांसमोर वजू करून दाखवलं. परातीत जेमतेम पाऊण बाटली पाणी. वर्गानं टाळ्या पिटल्या. आपांनी तिला जवळ घेऊन कपाळाचा मुका घेतला. मी दारातच उभी होते, परत जाताना मला गलबलून आलं.

प्रत्येक बाईंनी दर शनिवारी प्रोजेक्टची नोंदवही मला द्यायची होती. आपा बिचाऱ्या माझ्यासाठी देवनागरीत लिहायच्या. त्यांना एक पान लिहायला तास लागत असेल. रमजान सुरू होऊन आठवडा झाला होता आणि माझ्या टेबलावर पाचही वर्गांच्या परीक्षेचे पेपर येऊन पडले होते. त्या शनिवारी आपांच्या वहीत वाकड्या शिरोरेषेखाली लिहिलेलं होतं:

तकरार — रोज़, आधा घंटा. आफ़िया के ज़िम्मे.

मी वाचलं आणि मला एकदम वडिलांची कचेरी दिसली. तक्रार. हिंदीत तकरार म्हणजे भांडण, तेही मला ठाऊक होतं. मराठीनं घ्या नाहीतर हिंदीनं घ्या, अर्थ एकच लागत होता. रोज अर्धा तास भांडण होतं आणि त्याला जबाबदार आफिया.

आता म्हणाल, विचारायचं होतं. पण मी शहाणी, मी डोळ्यांनी बघायला गेले. सोमवारी शेवटच्या तासाला व्हरांड्यात खांबाआड उभी राहिले. आपा मागं भिंतीला टेकून बसलेल्या, रोज्यानं ओठ सुकलेले, काही बोलत नव्हत्या. मुलं गोल करून बसली होती आणि नुसता कालवा चालला होता. मधोमध आफिया गुडघ्यांवर उभी, बोट उगारून, गाल लाल, एकाला म्हणत होती, "नहीं! गलत! फिर से बोल!" तो तिच्यावर ओरडत होता, तिसरी मध्येच तोंड घालत होती. आणि बाई बघत बसलेल्या. मी मनाशी म्हटलं, बघा, पाणी मोजायला लावलं आणि वर्ग हातातून गेला.

मी आल्या पावली परतले. पाच मिनिटं थांबले असते तरी कळलं असतं.

अहवाल मी स्वच्छ हिंदीत लिहिला. तकरार हा शब्द मी तसाच ठेवला असता तर निदान वाचणाऱ्याला शंका घ्यायला जागा राहिली असती. पण मला सोप्या भाषेत लिहायची हौस. मी लिहिलं, चौथीच्या गटात रोज अर्धा तास झगडा होतो, आफिया नावाची मुलगी त्यात पुढं असते, शिक्षिकेचा वर्गावर ताबा नाही. खाली झोकदार सही केली.

दोन दिवसांनी आपा माझ्याकडे आल्या. मी पेपर तपासत होते. समोर उभ्या राहिल्या, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मॅडम, बडी मॅडम कह रही थीं, बच्चे लड़ते हैं. कब लड़े?"

मी मान वर न करता म्हटलं, "मैंने खुद देखा है आपा. पेपर हो जाने दीजिए, बाद में बात करते हैं."

"जी," असं म्हणून त्या गेल्या. ते 'बाद में' कधी आलंच नाही. पेपर संपले, निकाल लावायचे होते, ईदची सुट्टी तोंडावर आली. त्या पुन्हा विचारायला आल्या नाहीत आणि मलाही आठवण राहिली नाही. खोटं कशाला बोलू, आठवण होती. नको तो विषय, असं वाटलं.

ईदच्या सुट्टीआधी प्रोजेक्टचं प्रदर्शन झालं. गच्चीवर कनात लावली होती, पुदिन्याच्या कुंड्या रांगेनं मांडल्या होत्या, फळ्यावरचे आकडे चार्टवर उतरवले होते. आफियानं बोलायचं ठरलं होतं. तिच्या अम्मीला आधीच बोलावून समज दिली गेली होती. त्यामुळं बोलायला दुसरी मुलगी आली. तिनं पाठ केलेलं सात वाक्यांचं भाषण न अडखळता म्हटलं. आफिया चार्टचं एक टोक धरून उभी होती. वाऱ्यानं चार्ट फडफडला की ती दोन्ही हातांनी घट्ट धरायची, चेहरा त्याच्यामागं. कमिटीतले एक पांढऱ्या दाढीचे बुजुर्ग तिच्यासमोर थांबले आणि प्रेमानं विचारलं, "बेटा, ये लोटा किसका है?" तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, काहीच कळेना. ते पुढं गेले. मी बाजूलाच होते. प्रदर्शन नीट पार पडतंय या समाधानात होते.

शाळेचं वर्ष संपताना कमिटीनं निर्णय कळवला. दीनियातला हे प्रकार नकोत. नसरीन आपांनी वह्या कपाटात लावून ठेवल्या, सगळ्या बायकांना सलाम केला, मलाही केला. त्या खातीपुऱ्याला बहिणीकडे राहायला गेल्याचं कानावर आलं. आफियाचं नाव त्याच सुट्टीत तिच्या घरच्यांनी शाळेतून काढलं.

पुढच्या वर्षी पुन्हा रमजान आणि परीक्षा. आपांच्या जागी आलेले हाफिजजी तरुण होते, उत्साही. स्टाफरूममध्ये सगळ्यांचे रोजे, म्हणून मी कोपऱ्यात पाठ करून चहा पीत होते. हाफिजजी कुणालातरी सांगत होते, "मैं तो बच्चों से तकरार करवाता हूँ. जिस दिन तकरार हो गई, सबक पक्का."

मी वळले. "भांडण करवाते हैं?" घाईत मराठीच निघालं तोंडातून.

ते हसले. "झगड़ा नहीं मॅडम. तकरार यानी दोहराना. मदरसों का पुराना तरीका है. उस्ताद पढ़ा चुके तो बच्चे गोल बैठते हैं. एक बच्चा उस्ताद बनकर वही सबक पढ़ाता है, बाकी सवाल करते हैं, गलती पकड़ते हैं. जो सबसे अच्छा समझा हो, तकरार उसके जिम्मे."

तकरार, रोज अर्धा तास, आफियाकडे. म्हणजे वर्गात ज्या मुलीला सगळ्यांत जास्त समजलं होतं, जी तीन वर्षं मुकी होती, तिला आपांनी रोज अर्धा तास गुरूच्या जागी बसवलं होतं. मुलांना प्रश्न द्या, उत्तर त्यांनाच शोधू द्या, असं मी त्यांना शिकवत होते, आणि ते त्यांच्या मदरशांत शेकडो वर्षांपासून चालत आलं होतं. मीच त्याला झगडा म्हटलं. हातातला कप मी तसाच खिडकीत ठेवला. घरी गेले आणि बाथरूमचा नळ सोडून रडले.

मग दुसऱ्या दिवशी गेले असेन ना मी आपांकडे? नाही गेले. पुढच्या आठवड्यात जाऊ. सुट्टी लागली की जाऊ. ईशाची दहावी होऊ दे. नवऱ्याच्या आईचं दुखणं निभू दे. दरम्यान मी शाळाही सोडली, गुडघ्यांचं निमित्त करून. जवाहर नगरहून खातीपुरा काही सातासमुद्रापलीकडं नाही, ई-रिक्षा आणि बस मिळून तासाभराचा रस्ता. मला तो तास तीन वर्षं मिळाला नाही. खरी गोष्ट अशी की मला भीती वाटत होती. आपा ओरडतील याची नव्हे, त्या ओरडणाऱ्यातल्या नव्हेतच. त्या 'कोई बात नहीं' म्हणतील याची.

शेवटी गेल्या आठवड्यात, वारा असाच बिथरायला लागला तेव्हा, गेले. स्टेशनच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली आपांची शिकवणी चालू होती, आठ-दहा मुली. आपांचे केस पांढरे झालेत. त्यांनी मला लगेच ओळखलं, मुलींना सुट्टी दिली, शहतूत धुऊन पुढ्यात ठेवले. मी एकाला हात न लावता सगळं सांगितलं. वही, शब्द, खांबाआड उभी राहिले ते, अहवाल. आपा ओढणीचं टोक गुंडाळत ऐकत राहिल्या.

माझं बोलून झाल्यावर त्या 'कोई बात नहीं' म्हणाल्या नाहीत. बोटावरची ओढणी सोडली. मग म्हणाल्या, "तो वो लफ़्ज़ मेरा ही था."

"गलती मेरी थी, आपा."

"आपने कहा था कि खुद देखा है. मैंने सोचा, इतनी पढ़ी-लिखी हैं, झूठ थोड़े बोलेंगी. मेरी ही नजर चूकी होगी. रोजे में आँख लग जाती थी मेरी." त्यांनी चष्मा काढला. "मैंने आफिया को डाँटा, मॅडम. सबके सामने. वो कहती रही, आपा, मैं तो तकरार कर रही थी. और मैंने कहा, चुप, जबान चलाती है!"

त्या रडल्या. मीही रडले. पण आमचं दोघींचं रडणं सारखं नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं. निघताना मी त्यांचे हात धरून माफी मागितली. त्यांनी हात सोडवून घेतले, रागानं नाही, चष्मा पुसायला. म्हणाल्या, "मेरी उम्र तो हो गई. आप उस बच्ची से कहिए. मुझसे तो जाया नहीं जाता, किस मुँह से जाऊँ."

आफियाच्या अब्बूंनी दुकान आमेरला हलवलंय, हे त्यांनीच सांगितलं. परवा मी आमेरची बस धरली. बांगड्यांची तीन दुकानं विचारत गेले तेव्हा चौथं त्यांचं निघालं. अब्बू गिऱ्हाइकाशी बोलत होते. आत, पडद्याच्या अलीकडे, आफिया बांगड्या मापाप्रमाणे लावत बसली होती. उंच झालीय. आठवीची बोर्डाची परीक्षा आहे म्हणे, पुस्तक मांडीवर उघडं होतं, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला बघून पटकन उठली, सलाम केला, मला बसायला स्टूल पुसून दिलं.

मी तिला पाणी पिऊन झाल्यावर सांगायचं असं बसमध्ये ठरवलं होतं, वाक्यंही जुळवली होती. पण माझ्याआधी तीच बोलली. खाली मान घालून, इतक्या हळू की मला पुढं वाकावं लागलं.

"मॅडम, मैं बहुत लड़ती थी ना वहाँ. माफ कर दीजिए. अब नहीं लड़ती. अब मैं किसी से कुछ नहीं बोलती."

मी स्टूल तिच्याजवळ ओढलं. तिचा हात धरून मी सगळं सांगितलं, माझ्या असल्या-तसल्या हिंदीत, चुकत, पुन्हा पुन्हा. तू लड़ती नहीं थी. तू पढ़ाती थी. तू वर्गात सगळ्यांत हुशार होतीस म्हणून आपांनी तुला ते काम दिलं होतं. मैंने गलत पढ़ा, बेटा. मैंने.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मोठ्या माणसाचं ऐकावं तसं, मध्ये न बोलता. मग कसनुसं हसली आणि माझ्या गुडघ्यावर हळूच थोपटलं.

"आप अच्छी हैं मॅडम," ती म्हणाली, "इसलिए ऐसा कह रही हैं."